माकडताप: वानराच्या रक्तातला विषाणू गोचिडीमधून माणसापर्यंत नेमका कसा येतो?

काजूबागायतदार (दोडामार्ग)

नमस्कार. माझी दोडामार्ग तालुक्यात काजूची बाग आहे. बागेच्या वरच्या अंगाला रान लागते आणि त्या रानात वानरांचे दोन कळप बारमाही असतात. २०१६ साली आमच्या तालुक्यात माकडतापाचे रुग्ण पहिल्यांदा सापडले, तेव्हापासून जानेवारी उजाडला की घरात धास्ती असते, कारण काजूबी गोळा करण्याचे दिवस आणि या तापाचे दिवस एकच आहेत. त्या पहिल्या वर्षी आमच्या वाडीतल्या एक काकी पंधरा दिवस अंथरुणाला खिळून होत्या. त्या बऱ्या झाल्या, पण पुढे कित्येक महिने त्यांना पाण्याने भरलेली कळशी उचलवत नव्हती.

मागच्या आठवड्यात बागेतून आल्यावर पाय धुताना मला घोट्याच्या थोडे वर एक तपकिरी ठिपका दिसला. खसखशीचा दाणा चिकटला असावा, असे वाटले. नखाने सरकवून पाहिला तर हलेना, म्हणून चष्मा लावला, तेव्हा त्याला बारीक पाय असल्याचे दिसले. दुखत नव्हते, खाजतही नव्हते आणि ती गोचीड कधी चिकटली याचा मला पत्ता नव्हता. ओढून काढली आणि जागा साबणाने धुतली. आज आठवा दिवस आहे आणि ताप आलेला नाही.

त्या दिवसापासून काही प्रश्न डोक्यातून जात नाहीत. माझ्या गोठ्यातल्या गाईंच्या कानांत आणि आचळांच्या बाजूला वाटाण्याएवढ्या गोचिडी लहानपणापासून पाहत आलो आहे. आम्ही त्या हाताने उपटतो आणि त्यापायी कोणाला ताप आल्याचे मला आठवत नाही. मग माकडतापाची गोचीड वेगळी आहे का? माकडाला चावलेली गोचीड नंतर मला चावते, असे आम्हांला सांगितले जाते. पण गोचीड एकदा चिकटली की पोट भरेपर्यंत सोडत नाही आणि तिला पंख नाहीत, मग माकडाच्या अंगावरून ती माझ्या पायापर्यंत येते कशी? त्यातही गोचीड चावल्यावर किती वेळात विषाणू अंगात शिरतो? जाणकारांनी सविस्तर सांगावे, कारण जे कारण समजते ते बागेत कामाला येणाऱ्या बायकांना मला पटवून देता येते. नुसते ‘काळजी घ्या’ म्हटले तर कोणी ऐकत नाही.

रानवाटा (पुणे)

आपला प्रश्न फार नेमका आहे. मी कीटकशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून शिवमोगा जिल्ह्यातल्या जंगलांत गोचिडी गोळा करण्याचे काम केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी की गोचीड म्हणजे उडत फिरणारी सुई नव्हे. डासाच्या वागण्यावरून आपण गोचिडीची कल्पना करतो आणि तिथेच चूक होते. डास काही मिनिटांत रक्त पितो आणि थोड्या दिवसांनी पुन्हा पितो. माकडतापाची मुख्य वाहक असलेली ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ ही गोचीड मात्र उभ्या आयुष्यात फक्त तीनदा जेवते आणि साधारणपणे प्रत्येक वेळी वेगळ्या प्राण्यावर जेवते. अंड्यातून सहा पायांचे पिल्लू बाहेर येते. ते एखादा उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर चरणारा पक्षी किंवा वानर गाठते, काही दिवस रक्त पिते आणि टम्म फुगून खाली पालापाचोळ्यात गळून पडते. तिथे ते कात टाकते आणि आठ पायांची मधली अवस्था तयार होते, जिला निम्फ म्हणतात. निम्फ दुसऱ्या प्राण्यावर चढते, पोटभर रक्त पिते, पुन्हा गळून पडते, पुन्हा कात टाकते आणि पूर्ण वाढलेली गोचीड होते. ती गवा, गाय, म्हैस अशा मोठ्या जनावरावर तिसरे आणि शेवटचे जेवण घेते. मादी त्यानंतर जमिनीवर येऊन अंड्यांचा मोठा पुंजका घालते आणि मरते.

म्हणजे वानराच्या अंगावरची गोचीड थेट तुमच्या पायावर येत नाही. पिल्लू असताना तिने आजारी वानराचे किंवा उंदराचे रक्त प्यायले, त्यासोबत विषाणू तिच्या पोटात गेला, ती पाचोळ्यात पडली, कात टाकली आणि काही आठवड्यांनी निम्फ होऊन दुसऱ्या यजमानाची, म्हणजे जिचे रक्त प्यायचे त्या प्राण्याची, वाट पाहत गवताच्या पात्यावर किंवा वाळक्या पानाच्या कडेवर येऊन बसली. तिने एका जन्मात घेतलेला विषाणू ती पुढच्या जन्मात तुम्हाला देते, असे म्हटले तरी चालेल. कात टाकताना गोचिडीच्या शरीराचा बराच भाग आतून मोडून नव्याने घडतो, आणि या उलथापालथीतून विषाणू टिकून राहतो, ही या रोगाची खरी गुरुकिल्ली आहे.

तो टिकतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. डासाच्या किंवा आपल्या आतड्यात पाचक रस अन्नावर ओतले जातात आणि त्यांत बहुतेक जंतू मरतात. गोचिडीच्या आतड्याच्या पोकळीत मात्र तसे फारसे घडत नाही; तिच्या आतड्याच्या पेशी रक्ताचे कण स्वतःत ओढून घेतात आणि सावकाश पचवतात. त्यामुळे रक्तासोबत आलेल्या विषाणूला तिथे जीव वाचवायला आणि पेशींत शिरायला उसंत मिळते. तिथून तो तिच्या शरीरातल्या द्रवात उतरतो आणि शेवटी लाळग्रंथींत जाऊन वाढतो. गोचीड मात्र आजारी पडत नाही.

लाळेचे महत्त्व इथे कळते. गोचिडीच्या तोंडाला उलट्या दातऱ्यांची, करवतीसारखी सोंड असते. आधी ती दोन बारीक पात्यांनी कातडी कापते, मग ती सोंड आत रुतवते, आणि बऱ्याच जाती सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडून स्वतःला पक्के डकवून घेतात. म्हणूनच तुमच्या नखाने ती हलली नाही. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे, सूज येऊ न देणारे आणि जखमेपाशी धावून येणाऱ्या आपल्या संरक्षक पेशींना थोपवणारे पदार्थ असतात. म्हणून दुखत नाही, खाजत नाही आणि ती दिवसचे दिवस निर्धास्त बसते. त्यातही ती प्यायलेल्या रक्तातले जास्तीचे पाणी लाळेवाटे पुन्हा चावलेल्या प्राण्याच्या अंगात परत सोडते, म्हणजे रक्त घेणे आणि लाळ टोचणे हे आळीपाळीने चालू राहते. विषाणू याच लाळेतून आत येतो. कातडीचा जो भाग लाळेने बधिर आणि बेसावध केलेला असतो, नेमक्या तिथेच त्याला पहिले पाऊल टाकायला मिळते.

तुम्ही पाहिलेला खसखशीएवढा ठिपका बहुधा निम्फच होता. माणसाला ही अवस्थाच अधिक चावते. पावसाळा सरला की पिल्ले दिसू लागतात आणि जानेवारी ते एप्रिल या काळात निम्फ सर्वांत जास्त असतात, त्यामुळे डिसेंबर ते मे हा तापाचा हंगाम ठरतो. आम्ही पांढऱ्या फ्लॅनेलचे कापड काठीला बांधून पाचोळ्यावरून ओढत न्यायचो. दहा-वीस पावलांनंतर कापड उलटे केले की त्यावर तपकिरी ठिपके चालताना दिसायचे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी, नुकतीच जिथे वानर मरून पडले होते अशा जागी, एका फेरीत कापडावर इतके ठिपके आले की आम्ही मोजणे सोडून आधी आमचे गमबूट तपासले.

मेलेल्या वानराचे प्रकरण यामुळेच गंभीर आहे. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड, दोघांनाही हा रोग जबर होतो आणि त्यांच्या रक्तात विषाणू फार मोठ्या संख्येने वाढतो. वानर मेले आणि अंग थंड पडू लागले की त्याच्यावरच्या गोचिडी उतरतात, आणि पुढे त्या जागेच्या आसपास विषाणूवाहक गोचिडींचा पट्टा तयार होतो. आरोग्य खात्याची माणसे मेलेल्या माकडाभोवती ५० फुटांच्या परिसरात मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकतात, त्याचे कारण हे आहे.

थोडा इतिहास सांगते, कारण त्यात पुण्याचा सहभाग मोठा आहे. १९५७ मध्ये शिमोगा (आजच्या शिवमोगा) जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाच्या जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि आसपासची माणसेही तापाने आजारी पडू लागली. माकडे मरतात म्हटल्यावर आधी शंका आली ती डासांतून पसरणाऱ्या पीतज्वराची (यलो फीव्हरची). भारतात तो कधीच नव्हता, त्यामुळे ती शंका फारच धास्तावणारी होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी विषाणू वेगळा काढला, तेव्हा त्याचे नाते निघाले ते रशियातल्या जंगलांत गोचिडींतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंशी. नाते कळताच डासांऐवजी गोचिडींचा शोध सुरू झाला. कन्नडमध्ये या आजाराला ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा आजार, असे म्हणतात.

गाईच्या गोचिडींबद्दल पशुवैद्यकांनी लिहिले तर अधिक बरे.

वाडीकर

आमच्याकडे गोचीड चिकटली की तिच्यावर रॉकेल टाकतात किंवा विझत आलेली काडी टेकवतात, मग ती आपोआप सुटते. खोबरेल लावले तरी श्वास कोंडून सुटते, असे आजी म्हणायची. हे बरोबर आहे का?

पशुवैद्यक (कोल्हापूर)

वाडीकर, कृपया यांतले काहीही करू नका. चटका बसल्यावर किंवा गुदमरल्यावर गोचीड सोंड काढण्याआधी अधिक लाळ आणि पोटातला द्रव जखमेत सोडू शकते, आणि आपल्याला नको आहे ते नेमके हेच. शिवाय तेलाने ती सुटायला जो वेळ लागतो तेवढा वेळ ती चिकटलेलीच राहते. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, कातडीला अगदी लागून गोचिडीचे तोंड पकडावे आणि न पिळता, न हिसकता, सावकाश सरळ वर ओढावे. नंतर जागा आणि हात साबणाने धुवावेत. काढलेली गोचीड नखाने चिरडू नये. ही सवय आपल्याकडे फार आहे. चिकटपट्टीत गुंडाळावी किंवा स्पिरिटमध्ये टाकावी.

आता मूळ प्रश्नातल्या गाईच्या गोचिडींकडे वळतो. तुमच्या गोठ्यातली वाटाण्याएवढी, राखाडी निळसर फुगलेली गोचीड बहुतेक करून ‘ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस’ असते आणि तिचा संसार वेगळा आहे. वर रानवाटा यांनी तीन यजमानांची गोचीड सांगितली. ही एकाच यजमानाची आहे. पिल्लू म्हणून ती गाईवर चढते, तिथेच दोन्ही वेळा कात टाकते, तिथेच पूर्ण वाढते आणि साधारण तीन आठवड्यांनी अंडी घालण्यापुरती खाली उतरते. माणसाच्या वाटेला ती सहसा जात नाही. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गोचिडी उपटूनही कोणाला माकडताप झाला नाही, याचे मोठे कारण हे आहे.

दुसरे कारण असे की, गाय-म्हैस या विषाणूच्या फैलावात जवळजवळ नगण्य आहे. तिला लागण झाली तरी तिच्या रक्तात विषाणू इतका वाढत नाही की तो पुढच्या गोचिडीला मिळावा. पण यावरून गुरांना अगदी निर्दोष ठरवू नये. रानात चरायला जाणाऱ्या गुरांवर माकडतापाच्या गोचिडीच्या पूर्ण वाढलेल्या माद्याही पोट भरतात, आणि गुरे त्यांना रानातून वाडीच्या कडेपर्यंत आणून सोडतात. विषाणू गाय देत नाही, पण गोचिडींची संख्या मात्र गाय वाढवते. म्हणून जनावरांवरच्या गोचिडींचा बंदोबस्त माणसांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. पाठीच्या कण्यावरून ओतायचे फ्लुमेथ्रिनसारखे औषध मिळते. प्रमाण मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दुभत्या जनावराला परस्पर देऊ नये, ते दुधात उतरते.

गोचिडीतून जंतू पुढच्या अवस्थेत जाण्याचे आणखी एक रूप आम्ही रोज पाहतो. गाईची लघवी कॉफीसारखी लाल होते, त्या आजाराचा, म्हणजे बबेसिओसिसचा, परजीवी गोचिडीच्या अंडाशयात शिरतो आणि तिची पिल्ले जन्मतःच तो घेऊन येतात. एकाच यजमानावर आयुष्य काढणाऱ्या गोचिडीकडे दुसरा मार्गच नाही. आईने एका गाईकडून घेतले आणि लेकींनी दुसरीला दिले, तरच परजीवी पुढे सरकतो. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ मध्ये हेच सिद्ध केले. डासातून मलेरिया पसरतो हे त्यानंतर काही वर्षांनी कळले. गोचिडीने डासाच्या आधी हा मान घेतला, हे आमच्या विषयाच्या माणसांना अभिमानाने सांगावेसे वाटते. संकरित गाईंना जेरीस आणणारा थायलेरिओसिस हा आजार मात्र ‘हायलोमा’ जातीच्या गोचिडीतून येतो आणि तो एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत, कात टाकण्यातूनच पुढे जातो, अंड्यातून नाही. तेव्हा ‘गोचीड चावली’ एवढ्या दोन शब्दांनी काहीच कळत नाही. कोणती गोचीड, कोणत्या अवस्थेतली आणि तिचे आधीचे जेवण कोणावर झाले होते, हे पाहावे लागते.

काजूबागायतदार (दोडामार्ग)

डॉक्टर, रानवाटाताई, मनापासून आभार. गाईची गोचीड आणि रानातली गोचीड यांतला फरक आज पहिल्यांदा नीट कळला. एक शंका राहिली आहे. माझ्या पुतण्याने मोबाइलवर वाचले की गोचीड चोवीस तासांच्या आत काढली तर रोग होत नाही. हे खरे असेल तर संध्याकाळी अंग तपासले की भागेल, असे तो म्हणतो.

रानवाटा (पुणे)

आपल्या पुतण्याने वाचलेले खोटे नाही, पण ते दुसऱ्या रोगाचे आहे. अमेरिका-युरोपात गोचिडीतून लाइम नावाचा रोग होतो. तो जिवाणूचा आहे. तो जिवाणू उपाशी गोचिडीच्या आतड्यात स्वस्थ पडून असतो. गोचीड चिकटून रक्त पिऊ लागली की तो जागा होतो, वाढतो, आतड्यातून बाहेर पडून लाळग्रंथींपर्यंतचा प्रवास करतो आणि मग अंगात उतरतो. या प्रवासाला बहुधा एक दिवसाहून अधिक वेळ लागतो, म्हणून तिथे चोवीस तासांची मुदत सांगितली जाते. डॉक्टरांनी सांगितलेल्या थायलेरिओसिसचेही असेच आहे, त्याचे जंतू गोचीड चिकटल्यानंतर लाळग्रंथीत पक्व होतात.

विषाणूंची गोष्ट निराळी आहे. ते आधीच लाळग्रंथीत जाऊन बसलेले असतात; लाळेचा पहिला थेंब उतरला की त्यांनाही उतरता येते. उत्तर अमेरिकेतला पोवासन विषाणू माकडतापाच्या विषाणूच्याच कुळातला आहे, आणि प्रयोगात गोचीड चिकटल्यापासून १५ मिनिटांत तो उंदरांना दिला गेल्याचे दिसले आहे. माकडतापाच्या बाबतीत मिनिटांचा हिशेब देण्याचे धाडस मी करणार नाही, पण चोवीस तासांच्या भरवशावर राहणे मला मुळीच मान्य नाही. गोचीड लवकर काढण्याचा फायदा नक्की आहे, कारण लाळ जितकी कमी तितकी विषाणूची मात्रा कमी. मात्र खरा भर गोचीड चिकटूच नये यावर द्यायला हवा.

वर एक मुद्दा सांगायचा राहिला, तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण वाटतो. पूर्वी असे धरून चालत की गोचिडीला विषाणू मिळायचा तर ज्या प्राण्याला ती चावते त्याच्या रक्तात विषाणू भरपूर असायला हवा. पण गोचिडींतून पसरणाऱ्या काही विषाणूंवर १९८० आणि १९९० च्या दशकांत झालेल्या प्रयोगांत असे दिसले की एका विषाणूवाहक गोचिडीच्या शेजारी, त्याच उंदराच्या कातडीवर दुसऱ्या निरोगी गोचिडी चिकटलेल्या असतील, तर उंदराच्या रक्तात विषाणू जवळजवळ नसतानाही तो पहिलीकडून दुसरीकडे जातो. पहिलीच्या लाळेने कातडीचा तो भाग बेसावध केलेला असतो, तिथे जमलेल्या संरक्षक पेशींतच विषाणू शिरतो आणि त्या पेशी दुसऱ्या गोचिडीच्या तोंडाशी जाऊन पोहोचतात. गोचिडी गटाने चिकटतात, उंदराच्या कानावर दाटीवाटीने बसतात. त्या दाटीचाच विषाणूला उपयोग होतो. त्यामुळे रानात एकही वानर आजारी दिसत नसले तरी उंदीर, चिचुंद्र्या आणि गोचिडी यांच्या आपापसांत विषाणूचे चक्र गुपचूप चालू राहू शकते. मेलेले वानर ही आपल्याला मिळणारी सूचना आहे, पण ती उशिरा मिळते.

परिचारिका (अहमदाबाद)

मी मूळची जळगावची, नोकरीनिमित्त गुजरातमध्ये आहे. माकडतापाचा विषाणू माणसाकडून माणसाला होत नाही, हे खरे. पण गोचिडीच्या सगळ्या विषाणूंना हे लागू आहे, असे कोणी समजू नये म्हणून लिहीत आहे. जानेवारी २०११ मध्ये इथे भारतातले क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचे पहिले रुग्ण निश्चित झाले, त्यात रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनाही लागण झाली आणि मृत्यूही झाले. तो विषाणू हायलोमा गोचिडीतून येतो, शिवाय लागण झालेल्या जनावराच्या ताज्या रक्तातून आणि रुग्णाच्या रक्तातूनही येतो. त्यानंतर आम्ही तापाच्या रुग्णाच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलेले पाहिले की गुरांशी संबंध आहे का हे आधी विचारतो आणि हातमोजे, मास्क, गाऊन घालूनच पुढे जातो.

आरोग्यसेवक (सत्तरी, गोवा)

सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये पाली गावात हा ताप आला, तेव्हापासून मी या कामात आहे. आमच्याकडेही बहुतेक रुग्ण काजूच्या हंगामात बागेत जाणारे होते. बागायतदारकाका, तुमच्या आठव्या दिवसाबद्दल आधी सांगतो. गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो, म्हणजे तुमचा मुख्य काळ निभावत आला आहे. तरी दोन आठवडे लक्ष ठेवा. हा ताप हळूहळू चढत नाही. सकाळी कामावर गेलेला माणूस दुपारी थंडी भरून परत येतो, डोके फुटेल असे दुखते, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघतात, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. बहुतेक जण एक-दोन आठवड्यांत सावरतात, पण १० ते २० टक्के रुग्णांना मधे थोडे दिवस बरे वाटून पुन्हा ताप उलटतो, आणि त्या वेळी तीव्र डोकेदुखी, हात कापणे, भ्रम अशी मेंदूची लक्षणे दिसतात. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के सांगितले जाते. म्हणून ताप उतरला की लगेच बागेत जाऊ देऊ नका.

या विषाणूवर नेमके औषध नाही. सलाईन, विश्रांती, रक्तातल्या प्लेटलेटवर लक्ष, असाच उपचार असतो, आणि तो वेळेवर मिळाला तर माणूस वाचतो. दुकानातून अंगदुखीची ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटामॉल चालते. ताप आल्यावर पहिल्या काही दिवसांतच रक्त द्यावे, कारण तेव्हा विषाणू रक्तात असतो आणि पीसीआर तपासणीत सापडतो. डॉक्टरांना ‘मी काजूच्या बागेत जातो’ हे आपणहून सांगावे. रुग्ण हे सांगत नाही आणि मग डेंग्यू, लेप्टो यांच्या तपासण्यांत चार दिवस जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

लशीबद्दल लोक विचारतात. कर्नाटकात १९९० पासून एक लस दिली जात होती, तिचे डोस पुन्हा पुन्हा घ्यावे लागत आणि संरक्षण अपुरे होते. अलीकडे तिचा वापर थांबला आहे आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पुढाकाराने नव्या लशीचे काम चालू आहे. तोपर्यंत गमबूट, लांब पँट, पँटचे पाय मोज्यांत खोचणे, उघड्या अंगाला गोचिडींना दूर ठेवणारे डीएमपी किंवा डेपा तेल लावणे, आणि घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने आंघोळ, एवढेच आपल्या हातात आहे. आंघोळ करताना गुडघ्यांच्या मागे, जांघेत, काखेत आणि कानांमागे हात फिरवून पाहावे. मुलांचे केस कोणीतरी दुसऱ्याने पाहावेत. जेवायला किंवा पाणी प्यायला पाचोळ्यावर बसू नये, ही गोष्ट मी बायकांना सर्वांत आधी सांगतो, कारण काम करताना माणूस हलत असतो. गोचिडीला खरी संधी मिळते ती आपण पंधरा मिनिटे टेकतो तेव्हा.

काजूबागायतदार (दोडामार्ग)

आपण पाचोळ्याचे सांगितलेत आणि माझ्या मनात चर्र झाले. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये रानातला पातेरा (वाळका पाला) झाडून, भारे बांधून, डोक्यावरून आणतात. काही गोठ्यात गुरांखाली पसरतात, काही तरवा भाजण्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा जाळण्यासाठी, मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) भिंतीला लावून रचून ठेवतात. काकी आजारी पडल्या त्या वर्षी त्याही पातेरा आणायला जात होत्या. म्हणजे आम्ही रानातल्या गोचिडी स्वतःच डोक्यावरून घरी आणतो का? तरवा भाजायचे तर पातेऱ्याशिवाय कसे करायचे?

आरोग्यसेवक (सत्तरी, गोवा)

होय काका, तसे होऊ शकते, आणि डोक्यावरच्या भाऱ्यातून गोचिडी मानेवर, केसांत उतरतात म्हणून हा प्रकार अधिक वाईट आहे. ज्या रानात माकड मेले आहे तिथला पातेरा त्या हंगामात आणूच नका. एरवी तरवा भाजायला रानातल्या पातेऱ्याऐवजी घराजवळच्या आंबा-फणसाखालची पाने, गवत, शेण आणि कवळे (तोडलेले टहाळे) वापरता आले तर पाहा. रानातलाच आणावा लागला तर आणणाऱ्याने पूर्ण अंग झाकावे, तेल लावावे, भारा डोक्यावर न घेता गाडीवर किंवा काठीला बांधून न्यावा, आणि तो गोठ्यात किंवा मांगराला लावून न ठेवता थेट भाजायच्या वाफ्यावर, उघड्या उन्हात पसरावा. गोचिडीला ओलावा लागतो, उन्हात सुकून ती फार काळ तग धरत नाही. दाट रचलेल्या, सावलीतल्या ढिगात मात्र तिला हवा तेवढा ओलावा मिळतो. गुरांखाली पसरायला भाताचा पेंढा वापरावा.

आणि रानात मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, जागा ध्यानात ठेवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकांना कळवा.

काजूबागायतदार (दोडामार्ग)

समजले. मांगराच्या भिंतीला लावलेला या वर्षीचा ढीग अजून तसाच आहे. उद्या सकाळी गमबूट घालून, दाताळ्याने ओढून तो खालच्या कोपऱ्यातल्या वाफ्यावर नेतो. कामाला येणाऱ्या बायकांसाठी तालुक्याच्या गावातून चिमटे आणि दोन पांढऱ्या चादरी आणायला पुतण्याला सांगितले आहे. रानवाटाताईंनी सांगितल्याप्रमाणे एक कापड बागेच्या वरच्या अंगाला ओढून पाहणार आहोत, म्हणजे ठिपके त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतील.

रानवाटा (पुणे)

चादर नको, फ्लॅनेलच घ्या. गुळगुळीत कापडावर गोचिडीचे पाय अडकत नाहीत आणि कापड कोरे दिसले की ‘बागेत काहीच नाही’ असा गैरसमज होईल. कापड ओढणाऱ्यानेही गमबूट आणि तेल विसरू नये, आणि काम झाल्यावर ते कापड उकळत्या पाण्यात टाकावे.